मानमोडीत किती माणसं गेली?

1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, हिंदुस्थानात किती माणसं मेली? या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत जाणकारांनी वेगवेगळी उत्तरं दिली. 1919 मध्ये सरकारच्या आरोग्य आयुक्तांनी सुमारे साठ लाख म्हटलं. 1921 च्या खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, आयुक्तांनी सव्वा कोटीच्या आसपास आकडा दिला. 1951 मध्ये किंग्सले डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने तो पावणेदोन ते दोन कोटींवर नेला. 1986 मध्ये इयान मिल्स यांनी 1 कोटी 70 ते 80 लाख हा अंदाज मांडला. 2012 मध्ये सिद्धार्थ चंद्रा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो पुन्हा खाली आणला. साठ लाख आणि दोन कोटी यांतलं अंतर 2011 च्या जनगणनेतल्या मुंबई शहराच्या लोकसंख्येहून मोठं आहे.

यातल्या कोणीही आकडे मनाने रचले नव्हते, आणि कागदपत्रंही बहुतेकांच्या हाती तीच होती. मग उत्तरं इतकी वेगळी का? लोकसंख्याशास्त्रज्ञ नेमकं काय काम करतो हे समजून घ्यायला मला या प्रकरणाहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. शिवाय ही साथ आपल्या दारातून देशात शिरली आणि तिने सर्वांत मोठं नुकसान जिथे केलं त्यात मुंबई इलाखा, मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे भाग अगदी वर होते.

साथ आली कशी

जून 1918. महायुद्ध चालू होतं आणि मुंबई बंदरात सैन्याची जहाजं ये-जा करत होती. 10 जूनला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले; त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. शहराचे आरोग्याधिकारी जे. ए. टर्नर होते. ही पहिली लाट झपाट्याने पसरली, पण तिने माणसं फारशी मारली नाहीत. खरा घात सप्टेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या लाटेने केला. 6 ऑक्टोबरला मुंबईत एका दिवसात 768 मृत्यू नोंदले गेले. तिथून साथ घाटावर गेली, दख्खन, खानदेश, वऱ्हाड, नागपूर करत पूर्वेकडे सरकली आणि सरकता सरकता सौम्य होत गेली. बंगालला तिचा फटका आपल्या मानाने बराच कमी बसला.

त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. खरीप गेलं, धान्य महागलं, चारा नाही म्हणून जनावरं विकली जात होती. अशा अर्धपोटी गावांत साथ शिरली. एरवी साथीत लहान मुलं आणि म्हातारी माणसं जातात. या वेळी वीस ते चाळीस वयाची, घर चालवणारी माणसं गेली. जगात इतरत्र पुरुष जास्त मेले असताना आपल्याकडे बायका जास्त गेल्या. त्याची दोन कारणं अभ्यासक सांगतात: आजाऱ्यांची शुश्रूषा बायकांकडे होती, आणि घरात कमी अन्न असेल तर ते आधी त्यांच्या ताटातून कमी होई.

कोतवालाची वही

लोकसंख्याशास्त्रज्ञाचा पहिला प्रश्न असतो, की मृत्यूची नोंद कोण करत होतं? 1918 मध्ये खेड्यात डॉक्टर नव्हता. मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी घेऊन ठाण्यावर जाई. मुंबई इलाख्यात हे काम पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात होई. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर. पटकी आणि देवी लोक ओळखत. बाकी जवळजवळ सगळं 'ताप' या रकान्यात जाई. मलेरिया ताप, विषमज्वर ताप, बाळंतरोगही ताप.

म्हणजे इन्फ्लुएंझाला स्वतःचा रकानाच नव्हता. कागदावर दिसतं ते इतकंच, की 1918 च्या शेवटच्या तिमाहीत तापाचे आणि श्वसनविकारांचे मृत्यू एकदम प्रचंड वाढले. त्या वर्षीचा ब्रिटिश हिंदुस्थानचा नोंदलेला मृत्युदर हजारी 62 च्या आसपास गेला, आधीच्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी मग सरळ मार्ग घेतला. एरवी या महिन्यांत जितके मृत्यू होतात ते वजा करायचे, उरतील ते साथीचे. आज आपण 'अतिरिक्त मृत्यू' म्हणतो ती हीच पद्धत. ती चांगली पद्धत आहे. कोणता आजार होता यावर वाद न घालता एकूण किती माणसं जास्त गेली एवढंच ती विचारते.

पण तिच्या पायात तीन काटे आहेत.

पहिला काटा 'एरवी' या शब्दात आहे. एरवी म्हणजे कोणतं वर्ष? 1911 ते 1917 या काळात मुंबई इलाख्यात प्लेग चालूच होता. प्लेगची वर्षं सरासरीत धरली की पाया उंचावतो आणि इन्फ्लुएंझाचा आकडा आपोआप घटतो.

दुसरा काटा नोंद न झालेल्या मृत्यूंचा. सामान्य वर्षातही बरेच मृत्यू वहीत येत नसत, विशेषतः तान्ह्या मुलांचे आणि बायकांचे. पण 1918 च्या ऑक्टोबरात वर्दी देणारा कोतवालच अंथरुणाला खिळला असेल किंवा मेला असेल, तर त्या गावातून कागदच गेला नाही. साथ जितकी भयंकर, तितकी वही कोरी. म्हणून नोंदीच्या त्रुटीसाठी सगळीकडे एकच गुणक लावून चालत नाही. जिथे नुकसान सर्वांत जास्त तिथे गुणकही मोठा हवा, आणि तो किती मोठा हे सांगणारं त्या वहीत काहीच नाही.

तिसरा काटा संस्थानांचा. निजामाचा मराठवाडा, कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण हे सगळे भाग ब्रिटिश नोंदणीच्या बाहेर. तिथले मृत्यू शेजारच्या जिल्ह्यांवरून अंदाजायचे.

व्हाइट यांचा आकडा घाईतला होता, साथ पुरती ओसरण्याआधीचा. तो कमी पडला याचं नवल नाही. सरकारी यंत्रणेने पुढे अधिक पूर्ण नोंदी हाती आल्यावर स्वतःच तो दुपटीने वाढवला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

दुसरी वाट: जी माणसं मोजायला सापडलीच नाहीत

वही फसवते, तर माणसंच मोजू. खानेसुमारी 10 मार्च 1911 ला झाली होती आणि पुढची 18 मार्च 1921 ला झाली. ती संस्थानांतही झाली, हा तिचा मोठा फायदा. आजच्या भारताच्या सीमेत धरलं तर 1911 मध्ये 25 कोटी 21 लाख लोक होते, 1921 मध्ये 25 कोटी 13 लाख. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या घटल्याचं हे एकमेव दशक. त्यानंतर ती सतत वाढत गेली, म्हणून आपल्याकडे 1921 ला महाविभाजनाचं वर्ष म्हणतात.

आजच्या महाराष्ट्राच्या सीमेतले आकडे घेऊन हिशेब स्वतः करून पाहता येतो, आणि वाचकांनी तो करावाच. 1901 मध्ये 1 कोटी 94 लाख, 1911 मध्ये 2 कोटी 14 लाख 75 हजार, 1921 मध्ये 2 कोटी 8 लाख 50 हजार. उघड घट दिसते ती सव्वासहा लाखांची. पण साथ आली नसती तर लोकसंख्या जागच्या जागी थोडीच राहिली असती? ती वाढली असती. किती?

1901 ते 1911 मध्ये वाढ 10.7 टक्के होती. तीच गती 1911 नंतर चालू राहिली असती असं धरलं, तर 1921 मध्ये 2 कोटी 38 लाख लोक असायला हवे होते. म्हणजे 29 लाखांची तूट. आता निम्मी गती धरू, 5.4 टक्के. तूट उतरते पावणेअठरा लाखांवर. खानेसुमारीचे आकडे तेच, वजाबाकी तीच, फक्त एक गृहीतक बदललं आणि साडेअकरा लाख माणसं इकडची तिकडे झाली.

म्हणूनच डेव्हिस आणि चंद्रा यांच्यातला वाद हा मुळात 'साथ आली नसती तर काय' याचा वाद आहे. आता कोणती गती धरायची ते ठरवायला इतिहास लागतो, नुसतं गणित पुरत नाही. 1901 च्या आधी महाराष्ट्राने काय भोगलं होतं? 1896-97 चा दुष्काळ, मग प्लेग, मग 1899-1900 चा दुष्काळ. अशा तडाख्यांत अशक्त माणसं आणि लहान मुलं आधी जातात. मागे उरतात ती बहुतेक धडधाकट, तरुण. पुढची काही वर्षं मृत्यू कमी आणि जन्म जास्त होतात. तेव्हा 1901-11 ची 10.7 टक्के ही काही अंशी दुष्काळातून सावरतानाची उसळी होती. ती पुढची दहा वर्षं तशीच टिकली असती असं मानणं मला पटत नाही. दुसऱ्या बाजूला, वाढ शून्य झाली असती असंही कोणी म्हणणार नाही. खरं उत्तर मधे कुठेतरी आहे, आणि मधे म्हणजे कुठे हे ठरवणं हेच या शास्त्राचं कसब.

या तुटीत आणखी एक गोष्ट लपलेली असते. 1921 मध्ये जी माणसं सापडली नाहीत ती सगळी मेलेली नव्हती. काही जन्मलीच नव्हती. तरुण जोडपी मेली, गर्भवती बायका मोठ्या संख्येने गेल्या, उरलेल्यांच्या अंगात त्राण नव्हतं. 1917 मध्ये हजारी 39 च्या आसपास असलेला नोंदलेला जन्मदर 1919 मध्ये 30 च्या आसपास आला. न जन्मलेली मुलं साथीच्या खात्यावर नुकसान म्हणून जरूर मांडा, पण मृत्यूंच्या आकड्यात धरू नका. दोन खानेसुमाऱ्यांच्या वजाबाकीत हे दोन्ही एकत्र येतात. शिवाय पावसाने हात दिला नाही म्हणून जे उपासमारीने गेले, त्यांना साथीत धरायचं की दुष्काळात? ज्याला आधी भुकेने पोखरलं आणि मग ज्वराने नेलं त्याच्या मृत्यूचं एक कारण सांगता येत नाही. मी तरी दोन्हीची फारकत करण्याच्या फंदात पडणार नाही.

चंद्रा, कुलजानिन आणि रे या तिघांनी जिल्हावार खानेसुमारीचे अनेक दशकांचे आकडे एकत्र घेतले. एका दशकावर विसंबण्याऐवजी जिल्ह्यांची वाढ एरवी कशी चालते ते आधी पाहिलं, आणि मग 1911-21 चा खड्डा किती खोल ते मोजलं. त्यांच्या नमुन्यातल्या जिल्ह्यांसाठी उत्तर आलं: जास्तीत जास्त 1 कोटी 38 लाख 80 हजार. त्याच जिल्ह्यांना डेव्हिसची गृहीतकं लावली तर 1 कोटी 72 लाख 10 हजार येतात. म्हणजे डेव्हिसचा आकडा किमान 24 टक्क्यांनी फुगलेला होता असा त्यांचा निष्कर्ष. मला त्यांची वाट अधिक भक्कम वाटते, कारण त्यांचा पाया एका दशकाच्या उसळीवर उभा नाही. मात्र हा नमुन्यातल्या जिल्ह्यांचा आकडा आहे, संपूर्ण हिंदुस्थानचा म्हणून तो फिरवू नये. लेखांमध्ये तो तसा फिरताना दिसतो.

एकूण आकड्याच्या आत

वर्तमानपत्राला एक आकडा हवा असतो. लोकसंख्याशास्त्रज्ञ तो फोडून बघतो. मुंबई शहरात साथीचा मृत्युदर तेव्हाच्या सरकारी वर्गवारीनुसार युरोपियनांत हजारी 8.3 होता, पारशांत 9, आणि ज्यांना त्या कागदांत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय त्यांच्यात 61.6. एकाच शहरात, एकाच हवेत, सातपटीहून जास्त फरक. विषाणू एकच होता. फरक होता तो खोलीत किती माणसं झोपत, पाणी कुठून येई आणि आजारी पडल्यावर पगार चालू राही की नाही याचा.

हे दरही तपासूनच घ्यावे लागतात. दर म्हणजे वर मृत्यू आणि खाली लोकसंख्या. वरचा आकडा 1918 चा, पण त्या वेळी हाती असलेली शेवटची खानेसुमारी सात वर्षं जुनी. युद्धामुळे गिरण्यांना काम होतं, माणसं शहरात येत होती, आणि साथ आल्यावर अनेकांनी गाव गाठलं. खालचा आकडा थोडा चुकला तरी दर हलतो. मात्र सातपट फरक एवढ्याने पुसला जात नाही. त्रुटी मान्य करूनही जे टिकतं ते छातीठोकपणे सांगायचं.

बायकांच्या बाबतीतही तसंच. महाराष्ट्रात 1911 मध्ये हजार पुरुषांमागे 966 स्त्रिया होत्या, 1921 मध्ये 950. हा सोळाचा फरक सगळा मानमोडीच्या माथी मारता येत नाही, कारण 1901 मध्ये हेच प्रमाण 978 होतं आणि ते आधीपासून घसरतच होतं. पण ज्या नोंदींत बायकांचे मृत्यू मुळातच कमी लिहिले जात, त्या नोंदींतही 1918 मध्ये बायका जास्त मेलेल्या दिसतात. तेव्हा वास्तव त्याहून वाईट असणार, कमी नाही.

वऱ्हाडचा उल्लेख इथे करायलाच हवा. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या भागातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्या काळाच्या मानाने बऱ्या आणि सलग आहेत. टिम डायसन या ब्रिटिश लोकसंख्याशास्त्रज्ञाने 1881 ते 1980 असा शंभर वर्षांचा वऱ्हाडचा अभ्यास त्यावर केला. दुष्काळ, प्लेग, मानमोडी यांनी माणसांच्या जगण्या-मरण्याचं चक्र कसं बदललं हे तिथे महिन्यामहिन्याने पाहता येतं. त्या कोतवालांनी ऊन-पावसात ठाण्यापर्यंत केलेल्या फेऱ्यांचं हे देणं आहे, आणि त्यांची नावं कुठल्याही शोधनिबंधात नाहीत.

वहीत न आलेले मृत्यू मोजायचे कसे

मानमोडीने उभा केलेला हा प्रश्न पुढे एका भारतीयाने सोडवला. 1947 मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात सी. चंद्रशेखरन यांनी नोंदवही आणि घरोघरची पाहणी शेजारी शेजारी ठेवली. डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी 1949 मध्ये मांडलेली युक्ती आज जगभर वापरली जाते. हेच चंद्रशेखरन नंतर मुंबईतल्या लोकसंख्या प्रशिक्षण केंद्राचे संचालक झाले. देवनारची आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. त्याच सुमारास पुण्यात गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर पुणे जिल्ह्यातल्या जनन-मृत्यूची पाहणी करत होते.

युक्ती सोपी आहे. समजा एका गावात वर्षभरातले मृत्यू दोन जणांनी वेगवेगळे लिहिले: एक गावची वही, दुसरी पाहणी करणाऱ्याची यादी. दोन्हींत सापडलेली नावं 60. फक्त वहीत 15. फक्त पाहणीत 20. दोघांच्याही नजरेतून सुटलेले किती? 15 गुणिले 20, भागिले 60. म्हणजे 5. एकूण मृत्यू 100, आणि वहीत त्यातले 75 आले होते. आता या गावाच्या वहीला कोणता गुणक लावायचा ते कळलं.

अट एकच: दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. पाहणी करणाऱ्याने पाटलाची वही समोर ठेवून नावं उतरवली तर सगळं मुसळ केरात. आणि एक मृत्यू ज्या कारणाने वहीतून सुटतो त्याच कारणाने पाहणीतूनही सुटत असेल, तर उत्तर कमीच येणार. आख्खं घर संपलं, दाराला कुलूप, विचारायला कोणी नाही. 1918 मध्ये अशी घरं होती. म्हणून ही पद्धत मागे जाऊन मानमोडीला लावता येत नाही. तिथे खानेसुमारीचीच वाट धरावी लागते.

तोच प्रश्न पुन्हा

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 2020 आणि 2021 या दोन वर्षांत भारतात 47 लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. तोवरचा कोविडचा सरकारी आकडा 4 लाख 81 हजार होता. सरकारने त्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला. वाद ऐकताना 1919 आठवत होतं: पाया कोणत्या वर्षांचा, नोंदणी किती पूर्ण, ज्या राज्यांचे आकडे नाहीत तिथे अंदाज कशावरून. 2025 मध्ये केंद्राने 2021 ची नागरी नोंदणीची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींची, आकडेवारी जाहीर केली. त्या वर्षी सुमारे 1 कोटी 2 लाख मृत्यू नोंदले गेले होते, आदल्या वर्षी सुमारे 81 लाख. ही उडी सगळी कोविडची असं कोणी म्हणू नये, कारण नोंदणीही दरवर्षी सुधारते आहे. कोविडची नव्हेच असंही म्हणता येणार नाही. वाढलेले मृत्यू आणि वाढलेली नोंद यांची विभागणी करणं हे आता देवनारपासून दिल्लीपर्यंतच्या अभ्यासकांचं काम आहे.

1918 च्या अभ्यासकांना साथीनंतर अडीच वर्षांत खानेसुमारी मिळाली होती. आपल्याला 2021 ची मिळाली नाही. पुढची जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाची असेल. 2011 आणि 2027 यांच्यात सोळा वर्षांचं अंतर, आणि या काळात जननदरही घसरलेला. 'साथ आली नसती तर' ही रेषा आखणं 1921 पेक्षा अवघड जाणार. तरी मला त्या जनगणनेतल्या एका रकान्याकडून आशा आहे: वैवाहिक स्थिती. पंचेचाळीस ते साठ वयातल्या विधवा आणि विधुरांचं प्रमाण जिल्हावार काढून 2011 शी ताडून पाहता येईल. पुनर्विवाह पुरुषांत जास्त होतात, म्हणून विधवांचा रकाना अधिक बोलका ठरेल. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत ज्या जिल्ह्यांनी जास्त सोसलं, तिथे तो आकडा शेजारच्या जिल्ह्यांहून वर दिसायला हवा. तसा दिसला तर कोणत्याही मृत्युनोंदवहीवर न विसंबता मिळालेला तो स्वतंत्र पुरावा असेल.